सल्ला: जपानी 'लॉसूट' बेस खरा, की नुसतीच पाटी?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी मूळचा डोंबिवलीचा, चार वर्षांपासून नोकरीनिमित्त टोकियोत निशी-कासाईला राहतो. कॉलेजात असताना बँडमध्ये बेस गिटार वाजवत असे. आता पुन्हा सुरुवात करायची आहे आणि नवा बेस घेण्याऐवजी सत्तरच्या दशकातला जपानी कॉपी बेस घ्यावा असे मनात आहे. दोन पाहून ठेवले आहेत. पहिला ग्रेकोचा जाझ बेस, म्हणजे अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या त्याच नावाच्या बेसची नक्कल. विकणारे गृहस्थ त्याला '१९७५चे लॉसूट मॉडेल' म्हणतात आणि ८५,००० येन मागतात. त्याच्या नेकमागच्या (दांड्यामागच्या) धातूच्या पट्टीवर 'सी ७८'ने सुरू होणारा क्रमांक आहे. दुसरा एका जुन्या सामानाच्या दुकानात 'जंक' म्हणून २२,००० येनला ठेवलेला आहे. त्याच्या हेडस्टॉकवर (तारांच्या खुंट्या असलेल्या टोकावर) 'फेंडर' असे लिहिले आहे, पट्टीवर मात्र 'स्टील अॅडजस्टेबल नेक, मेड इन जपान' एवढाच इंग्रजी मजकूर आहे. कोणता घ्यावा? आणि पुढेमागे डोंबिवलीला घरी आणताना काय काळजी घ्यावी? तिथल्या पावसाळ्याचीही धास्ती वाटते.

सप्रेम नमस्कार.

विकणाऱ्यांनी सांगितलेले साल आणि पट्टीवरचा क्रमांक यांचा मेळ बसत नाही, हे सर्वांत आधी सांगतो. ग्रेको हे कारखान्याचे नाव नाही. कांदा शोकाई या टोकियोतल्या घाऊक व्यापारी कंपनीचा तो ब्रँड आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रेकोची बरीच वाद्ये नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरी, फुजिगेन गाक्की या कारखान्यात बनत. नागोयाच्या होशिनो गाक्की या कंपनीचे आयबानेझही त्याच कारखान्यातून बाहेर पडत असे, आणि त्या काळातल्या या दोन्ही ब्रँडांचे क्रमांक वाचण्याची रीत एकच आहे. पहिले अक्षर महिन्याचे, म्हणजे 'ए' जानेवारी इथपासून 'एल' डिसेंबर इथपर्यंत. त्यापुढचे दोन आकडे सालाचे आणि उरलेले चार उत्पादनाच्या अनुक्रमाचे. तेव्हा 'सी ७८' याचा अर्थ मार्च १९७८. पट्टी मूळची असेल तर बेस १९७५चा नाही, आणि बेस खरोखरच १९७५चा असेल तर पट्टी दुसऱ्या कुठल्या वाद्याची आहे. चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते, म्हणून एकट्या क्रमांकावर मी कधीही विसंबत नाही. पण विकणाऱ्याचे बोलणे आणि त्याचा माल एकमेकांशी भांडत असतील, तर मी सहसा मालाच्या बाजूने उभा राहतो.

आता 'लॉसूट' (म्हणजे खटला) या शब्दाविषयी. हा शब्द ऐकला की किंमत वाढते, म्हणून त्यामागची हकीकत जरा सविस्तर सांगतो. गिब्सन ही अमेरिकी गिटार कंपनी जिच्या मालकीची होती, त्या नॉर्लिन कंपनीने २८ जून १९७७ रोजी अमेरिकेत एल्गर या कंपनीवर दावा दाखल केला. एल्गर म्हणजे आयबानेझची अमेरिकेतली वितरक. वादाचा मुद्दा एवढाच होता की आयबानेझच्या हेडस्टॉकची वरची कड गिब्सनसारखी, म्हणजे उघड्या पुस्तकाच्या पानांसारखी दुहेरी वळणाची होती. गंमत अशी की दावा दाखल होईपर्यंत आयबानेझने आपल्या हेडस्टॉकचा आकार बदलायला सुरुवातही केली होती. १९७८च्या सुरुवातीला दोन्ही पक्षांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली आणि प्रकरण मिटले. या सगळ्यात फेंडर कुठेच नव्हती, ग्रेको नव्हती आणि जाझ बेस तर मुळीच नव्हता. तुमच्या पाहण्यातल्या बेसचा त्या खटल्याशी संबंध जोडायचा तर तो बादरायण संबंधच म्हणावा लागेल. बाजारात मात्र आता सत्तरच्या दशकातले कोणतेही जपानी वाद्य 'लॉसूट' म्हणून विकले जाते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रस्त्यावरची प्रत्येक आंब्याची पेटी 'देवगड हापूस' असते, तसेच हे. आंबा गोड निघू शकतो, पण पेटीवरच्या शब्दांचे वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

याचा अर्थ तो ग्रेको वाईट आहे असा मात्र करून घेऊ नका. उलट १९७८ हे साल १९७५पेक्षा चांगले, असे माझे मत आहे, आणि ते सांगताना विकणाऱ्यांची थोडी गंमतही वाटते, कारण अधिक जुना म्हणून अधिक मोलाचा, या समजुतीपायी त्यांनी आपलाच माल कमी प्रतीचा ठरवला आहे. जपानी नकलांचे ढोबळमानाने दोन काळ आहेत. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या नकला बऱ्याचदा चित्रे आणि कॅटलॉग पाहून बेतल्यासारख्या वाटतात: दुरून हुबेहूब, पण हातात घेतल्यावर शरीर प्लायवुडचे, नेकचा आकार भलताच आणि पिकअप (तारेचा कंप टिपणारा भाग) मूळ पिकअपच्या जागेवरून थोडा सरकलेला. दशकाच्या अखेरीस चित्र पालटले. फेंडर कंपनी १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेल्यानंतर तिच्या दर्जाविषयी वादकांची कुरबुर वाढत होती, आणि नेमक्या त्याच वेळी मात्सुमोतोचे फुजिगेन आणि हामामात्सुचे तोकाई हे कारखाने सीबीएसपूर्व काळातल्या फेंडरचे बारकावे टिपून वाद्ये बनवू लागले होते. फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या तोकाईने केलेल्या नकलेचे नाव 'हार्ड पंचर' आणि जाझ बेसच्या नकलेचे 'जाझ साउंड'. टोकियोत फिरताना ही दोन नावे दिसली तर दुकानात शिरायला हरकत नाही. फेंडरने या स्पर्धेला दिलेले उत्तर फार बोलके आहे. १९८२मध्ये तिने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्याबरोबर भागीदारीत 'फेंडर जपान' सुरू केली आणि उत्पादनाचे काम फुजिगेनला दिले. ज्या कारखान्याने तुमचा ग्रेको घडवला असण्याचा संभव आहे, तोच कारखाना चार वर्षांनी अधिकृतपणे फेंडर बनवू लागला, आणि ग्रेकोच्या नावाने निघणाऱ्या फेंडरच्या नकला थांबल्या. आज 'जेव्ही' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असलेल्या फेंडर जपानच्या वाद्यांना जी किंमत येते, तिच्या तुलनेत १९७७ ते १९८२ या काळातले ग्रेको आणि तोकाई मला अजूनही रास्त वाटतात.

एकाच ब्रँडमध्ये मात्र उजवे-डावे खूप असते. जपानी कंपन्यांनी यासाठी एक सोयीची पद्धत ठेवली होती: मॉडेलच्या नावातला आकडा बहुधा मूळ किंमत सांगतो. तोकाईच्या नावात ६० असेल तर ती ६०,००० येनची श्रेणी. ग्रेकोच्या नावात ६०० असेल तरी अर्थ तोच. त्यामुळे विकणाऱ्यांना साल विचारण्याआधी मॉडेलचा आकडा विचारा. ४५०चा बेस आणि ८००चा बेस एकाच महिन्यात, एकाच छताखाली बनले असले तरी त्यांचे लाकूड, पिकअप आणि नेकची घडण यांत फरक असतो. आकडा कधीकधी नेकच्या टाचेवर किंवा पिकअपच्या खाचेत शिक्क्याने वा पेन्सिलीने लिहिलेला सापडतो, म्हणजेच तो पाहण्यासाठी नेक उघडावा लागतो.

नेक उघडण्याची परवानगी मागण्यात संकोच बाळगू नका. गंभीर ग्राहक ती मागतो हे जुन्या वाद्यांच्या विक्रेत्यांना ठाऊक असते. फक्त स्क्रूड्रायव्हर स्वतःचा न्या, आणि तो जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) जातीचा असू द्या. जपानी वाद्यांवरचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे चौफुलीचे असले, तरी त्यांच्या खाचेचा कोन वेगळा असतो. साधा फिलिप्स लावून जोर दिला की तो घसरतो आणि स्क्रूचे डोके खरडले जाते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जपानी वाद्यांपैकी निम्म्यांवर अशी खरड दिसते, आणि तिच्यावरून ते वाद्य पूर्वी कुणी आणि किती निष्काळजीपणे उघडले होते याचाही अंदाज येतो. नेक वेगळा झाला की टाचेवरचा आणि शरीरातल्या खोबणीतला रंग पाहा. खोबणीत जुन्या स्क्रूंची बुजवलेली छिद्रे असतील, किंवा नेक आणि खोबण यांच्यामध्ये खेळातला पत्ता शिरेल एवढी फट असेल, तर ते दोन निरनिराळ्या वाद्यांचे लग्न लावलेले आहे. शिक्क्यात '५२' किंवा '५३' असा आकडा दिसला तर घाबरू नका: जपानमध्ये त्या काळी शोवा कालगणनेने साल लिहिण्याची पद्धत होती, आणि शोवा सालात २५ मिळवले की इसवी सनाचे शेवटचे दोन आकडे मिळतात. शोवा ५३ म्हणजे १९७८, आणि तसा आकडा मिळाला तर तो 'सी ७८'शी जुळतो. दोन स्वतंत्र खुणा एकच साल सांगू लागल्या की माझा विश्वास बसू लागतो.

तिसरी खूण पिकअपखाली सापडेल. फुजिगेनमधल्या त्या काळच्या अनेक वाद्यांत मॅक्सन पिकअप असत. मॅक्सन हा मात्सुमोतोच्याच निस्शिन ओन्पा या कंपनीचा ब्रँड, आणि ट्यूब स्क्रीमर नावाचा जगभर गाजलेला हिरवा पेडलही तिचाच. झाकणाचे स्क्रू सैल करून पिकअप अलगद उचला, त्याच्या पाठीवरचा छाप पाहा आणि तारांची डाखजोड पाहा. मूळ डाख एकसारखी आणि मंद झालेली असते. नंतर कुणी हात घातला असेल तर तिथे चकचकीत गोळा दिसतो. पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग) बदलले असतील तर तेही इथेच कळते, कारण जपानी पॉट अमेरिकन पॉटपेक्षा अंगाने बारीक असतात आणि अमेरिकन पॉट बसवायचे म्हणजे छिद्र मोठे करावे लागते. बदललेला पॉट हा काही गुन्हा नव्हे. खरखर करणारा पॉट बदलणे हेच शहाणपणाचे असते. पण किंमत 'सर्व काही मूळचे' अशी सांगून मागितली जात असेल, तर तो फरक तुमच्या खिशात राहिला पाहिजे.

लाकडाबद्दल एक वाक्य पुरे: त्या काळातल्या कॅटलॉगमध्ये 'अॅश' म्हणून जे लिहिले जाई, ते पुष्कळदा 'सेन' नावाचे जपानी लाकूड असते. रेषा अॅशसारख्याच, आवाजही चांगला, त्यामुळे फसवणूक झाली असे समजू नका.

खरे लक्ष नेकवर द्या. बाकी सारे पैसे देऊन बदलता येते. पिळलेला नेक सरळ करणे मात्र खर्चिक आणि बेभरवशाचे काम आहे. मी विशीत असताना एका दुकानातून असाच एक जपानी बेस मोठ्या आनंदाने घेतला होता, रंग सुरेख, पिकअप दमदार. घरी आणून हेडस्टॉककडून डोळा लावून पाहिले तेव्हा नेकच्या दोन कडा एकमेकींशी समांतर नाहीत हे दिसले. तो बेस मी वर्षभर वाजवला आणि वर्षभर एका तारेची तक्रार ऐकत राहिलो. तुम्ही पाहताना तार पूर्ण स्वराला चढवलेली असू द्या. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमध्ये किती फट उरते ते पाहा. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट चालेल, नाणे शिरेल एवढी चालणार नाही. त्यानंतर ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा, नट तपासा. जुन्या पद्धतीच्या जाझ बेसमध्ये तो नेकच्या टाचेत असतो, म्हणून नेक काढलेला असतानाच पाहून घ्या. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरीही नेक वाकलेला असेल, तर पुढे काहीच हाती उरत नाही.

तुम्ही जपानी वाचता असे गृहीत धरतो, म्हणून तिथल्या विक्रीच्या वर्णनातले काही शब्द देऊन ठेवतो. 'जुन-झोरी' म्हणजे तारांच्या ओढीने नेक पुढे वाकलेला. हे बहुधा ट्रस रॉडने सुधारते. 'ग्याकु-झोरी' म्हणजे उलट्या दिशेने वाकलेला. रॉड सैल करायला जागा असेल तर ठीक. 'नेजिरे' म्हणजे पीळ, आणि हा शब्द दिसला की मी पुढे वाचतच नाही. 'हाय-ओकी' म्हणजे शरीराकडच्या शेवटच्या फ्रेटांपाशी नेक उचललेला. त्याचा इलाज फ्रेट घासून करावा लागतो, म्हणून फ्रेट किती शिल्लक आहेत ते पाहा. 'फ्रेट आठ वारी' याचा अर्थ ८० टक्के उरले आहेत. 'रॉडला योयू आहे' असे लिहिले असेल तर ट्रस रॉड अजून फिरवायला वाव आहे, आणि हे वाक्य जो विक्रेता स्वतःहून लिहितो त्याच्याकडे मी थोडे अधिक आदराने पाहतो.

आता दुसऱ्या बेसकडे वळू. हेडस्टॉकवरचे 'फेंडर' हे नाव नंतर चिकटवलेले आहे, याबद्दल मला शंका नाही. अमेरिकन फेंडरच्या पट्टीवर असा मजकूर नसतो, आणि फेंडर जपानच्या वाद्यावरही नसतो. 'स्टील अॅडजस्टेबल नेक' असे लिहिलेल्या पट्ट्या सत्तरच्या दशकातल्या निरनिराळ्या नावांच्या जपानी नकलांवर सापडतात. विक्रेते तिच्यावरून झटकन 'मात्सुमोकु' या नामांकित कारखान्याचे नाव घेतात, पण एवढ्या एका पट्टीवरून कारखाना ठरवणे धाडसाचे होईल. 'मेड इन जपान' हा छाप निर्यातीच्या मालाची खूण. देशातच विकल्या गेलेल्या अनेक वाद्यांवर तो नसतो. तेव्हा हा बेस परदेशवारी करून परत आलेला असावा. त्या काळी एकच वाद्य अमेरिकेत युनिव्हॉक्स किंवा इलेक्ट्रा, इंग्लंडमध्ये अँटोरिया, कॅनडात एल डेगास अशा नावांनी विकले जाई, आणि अशाच एखाद्या साध्या नावाच्या जागी कुणीतरी फेंडरच्या नावाचा स्टिकर डकवला असेल. हेडस्टॉक दिव्याखाली तिरका धरा: अक्षरांच्या कडेला पारदर्शक कागदाची किनार, जुने नाव घासून काढल्याचा खोलगट भाग किंवा आजूबाजूच्या पिवळटलेल्या लाखेत मध्येच एक फिकट पट्टा, यांपैकी काहीतरी दिसेलच. पिकअपच्या खाचेत प्लायवुडचे थर दिसले तर तो आरंभीच्या काळातला, स्वस्त श्रेणीतला असण्याचीच शक्यता अधिक.

नक्कल करणे आणि खोटे नाव लावणे या दोन गोष्टींत मी फरक करतो. प्रिसिजन बेसच्या शरीराचा आकार हा फेंडरचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यास अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९मध्ये नकार दिला. पण नाव आणि हेडस्टॉक ही गोष्ट वेगळी, आणि खोटे नाव असलेले वाद्य तुम्ही उद्या कुणाला विकले, तर त्या खोट्यात तुम्हीही सामील होता. शिवाय जपानी दुकानात 'जंक' असे लिहिलेल्या वस्तूला ना हमी असते, ना ती परत घेतली जाते. तुम्हाला नेक उघडणे, डाख देणे, फ्रेट घासणे शिकायचे असेल तर शिकाऊ हाताला असा बेस बरा, पण त्यासाठी २२,००० येन मला जास्त वाटतात. वाजवण्यासाठी तो घेऊ नका.

ग्रेकोबाबत माझा सल्ला असा. नेक सरळ असेल, रॉडला वाव असेल, आणि टाच, पट्टी व पिकअप यांतल्या किमान दोन खुणा १९७८कडे बोट दाखवत असतील, तर तो घ्या. मात्र 'लॉसूट' हा शब्द बाजूला ठेवून भाव करा. सौदा करण्यापूर्वी एक शनिवार ओचानोमिझूला घालवा. मेइजी विद्यापीठासमोरच्या त्या उतारावर वाद्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत, आणि तिथे त्याच काळातले, त्याच श्रेणीतले दोन-तीन बेस मागून वाजवून पाहता येतात. 'शिसो' म्हणजे वाजवून पाहण्याची परवानगी मागितली की दुकानदार स्वतः तार जुळवून वाद्य हातात देतात. बसून नव्हे, पट्टा लावून उभे राहून वाजवा. या काळातले काही बेस साडेचार किलोंच्या वर जातात, आणि चाळिशीकडे झुकलेल्या खांद्याला ते अर्ध्या तासात जाणवते. त्या दुकानांतल्या किमती हमीसह असतात, म्हणून खासगी विक्रेत्याचा भाव त्यांच्याहून उघडपणे कमी असला पाहिजे. विकणाऱ्या गृहस्थांना 'सी ७८'चा अर्थ सांगाच, पण नम्रपणे सांगा. बहुतेकदा त्यांनाही तो कुणीतरी १९७५ म्हणूनच विकलेला असतो.

घरी आणण्याविषयी थोडे. चौतीस इंची स्केलचा बेस एकूण सुमारे ११७ सेंटिमीटर लांब भरतो आणि विमानाच्या केबिनमध्ये तो मावण्याची खात्री कुणी देत नाही. स्क्रूंनी जोडलेल्या नेकचा इथे मोठा फायदा होतो: तारा उतरवा, चार स्क्रू काढा, नेक टॉवेलात गुंडाळा, शरीर वेगळे गुंडाळा, आणि दोन्ही वस्तू कपड्यांच्या मधोमध मोठ्या बॅगेत ठेवा. स्क्रू आणि पट्टी एका पिशवीत घालून हातातल्या बॅगेत घ्या, कारण त्या पट्टीवर तुमचा क्रमांक आहे. फिंगरबोर्ड शिसवी लाकडाचा असेल तर त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून त्यांतून सूट मिळाली आहे. अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा, जे तुमच्या श्रेणीच्या बेसवर असण्याची शक्यता फारच थोडी. खरेदीची तारीखवार पावती मात्र जवळ ठेवा, खासगी विक्रेत्याकडून घेतलात तरी साध्या कागदावर सहीसह लिहून घ्या.

पावसाळ्याची धास्ती तुम्ही समजता तेवढी नको. जपानमध्येही जून-जुलैत 'त्सुयू'चा दमट पाऊस असतो, आणि या बेसने तसे चाळीसहून अधिक पावसाळे पाहिलेले आहेत. डोंबिवलीत आल्यावर पहिल्या महिन्यात नेक थोडा हलेल. तेव्हा रॉडला हात लावण्याची घाई करू नका. तारा नेहमीच्या स्वराला चढवून पंधरा दिवस तसाच ठेवा, मग फट पुन्हा मोजा, आणि रॉड फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नका.